नवी कॅप, जुना ब्लॉक

मृग जवळ आला की अकोला-अमरावतीच्या गॅरेजांत ट्रॅक्टरची इंजिने खोललेली दिसतात. अशा वेळी, "क्रँकशाफ्टला खालून धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या बिडाच्या कॅप काढा, पोलादी बसवा," असा सल्ला कोणी देतो. माझ्या मते तो अर्धाच बरोबर आहे.

कॅपवर भार मोठा येतो, हे कबूल. १०० मि.मी. व्यासाच्या दट्ट्यावर ७० वातावरणांचा दाब आला, तर त्याला खाली ढकलणारे बल साडेपाच टनांवर जाते. (हिशेब करून पाहा!) परंतु कारखान्यात कॅप ब्लॉकला आवळून मगच दोहोंत मिळून भोक कापतात, म्हणून तर कॅपवर बहुधा क्रमांक व दिशेची खूण असते. दुसरी कॅप नुसती लावली की भोकाचा गोलपणा बिघडतो. शाफ्ट व बेअरिंग यांमधील तेलाची फट साधारण ०.०५ मि.मी., म्हणजे केसाएवढीदेखील नाही! ती एका बाजूला मिटली की तेलाचा थर तुटतो, बेअरिंग जळते आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो.

तेव्हा पोलादी कॅप घ्यायच्या तर सगळी भोके एका रेषेत पुन्हा कापण्याचा, म्हणजे लाइन बोअरिंगचा, खर्चही धरावा. नाहीतर तडा नसलेली जुनीच कॅप जागा स्वच्छ पुसून, टॉर्क रेंचने नेमकी आवळावी. शेतीच्या इंजिनाला ती पुरते.