प्रासंगिक विचार : अडीच फुटी रूळ

‘बार्शी लाईट’ गेली म्हणून लातुरातील वृद्ध मंडळी अद्यापि हळहळतात. काल्थ्रॉप साहेबांनी काढलेला हा अडीच फुटी मार्ग १९११ साली लातुरास पोचला. तो येडशीवरून जाई. जिल्ह्याचे ठाणे धाराशिव मात्र बाजूस राही. २००७-०८ साली रुंद रूळ पडले, ते धाराशिवावरून. जुन्या गाडीविषयी आम्हांसही ममत्व आहे. परंतु कुर्डुवाडीस एका डब्यातील पोती दुसऱ्यात टाकणारा हमाल, आणि मुंबईची गाडी गाठण्यासाठी लेकरे, वळकट्या सावरीत उतरणारी माउली डोळ्यांपुढे आणली म्हणजे आमची हळहळ ओसरते. वाचकहो, घरातील आजीस त्या गाडीचे कौतुक जरूर विचारावे. त्याबरोबरच त्या प्रवासाचे कष्टही विचारावे.