उरलेल्या गोळ्या आणि मुकी जनावरं

मंडळी, आज थोडं चिडूनच लिहिते आहे. घरोघरी औषधांचा एक डबा असतो आणि त्यात अर्धवट राहिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. नातवाच्या घशाच्या, यजमानांच्या दाढेच्या. (उरल्याच कशा, हे कोणी विचारत नाही!) घरातलं कुत्रं खाजवायला लागलं की हात त्या डब्याकडे जातो. "अँटिबायोटिकच आहे ना, द्या अर्धी गोळी. जनावराला काय होतंय!"

काय होतं, तेच सांगायचं आहे. मी बी.ए. मराठीची, जन्मभर व्याकरण शिकवलं, डॉक्टर नाही. पण मांजरं पाळून तीसेक वर्षं झाली, आणि जनावरांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारायला मला कधी लाज वाटली नाही.

कुत्र्याच्या कातडीवर पुळ्या येतात, पू होतो, त्यामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस नावाचा जंतू असतो. (नाव कुत्र्यापेक्षा लांब!) हा धडधाकट कुत्र्याच्या अंगावरही असतोच. पिसवा, गोचीड, अ‍ॅलर्जी यांनी कातडी बिघडवली की त्याचं फावतं. मूळ कारण तसंच ठेवून गोळ्या दिल्या तर चार दिवस बरं वाटतं, महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा अर्धी गोळी. लेचेपेचे जंतू मरतात, चिवट उरतात. पेनिसिलिन कुळातल्या बहुतेक औषधांना दाद न देणारे या जंतूचे भाऊबंद गेल्या वीसेक वर्षांत जगभर पसरले आहेत. आणि गंमत म्हणजे वरवरच्या पुळ्यांना कित्येकदा क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने नीट आंघोळ घालणं पुरतं. पण आंघोळीला कष्ट पडतात ना!

मांजराची कथा आणखी वाईट. तरुण बोका थेंबथेंब लघवी करतो, रक्त दिसतं, की घरचे निदान करून मोकळे: "इन्फेक्शन." तरुण मांजरात याला जंतू क्वचितच कारण असतात. बोक्याची लघवी पूर्ण तुंबली असेल तर दोनेक दिवसांत जीव जातो, आणि आपण गोळीचा गुण येण्याची वाट बघत बसतो. एन्रोफ्लॉक्सासिनचा डोस जास्त झाला तर मांजर आंधळं होऊ शकतं. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी घशात ढकलली तर अन्ननलिकेला जखम होते, मागून पाणी पाजावंच लागतं. आणि त्याच डब्यातली तापाची पॅरासिटामॉल मांजराला चक्क विष आहे.

याचा अर्थ मी अँटिबायोटिकच्या विरुद्ध आहे असा कृपया काढू नका. गोचिडांपासून होणाऱ्या एर्लिकियाच्या तापात डॉक्सिसायक्लिनने मान टाकलेलं कुत्रं दोन-तीन दिवसांत शेपूट हलवायला लागतं. पण उपचार साधारण चार आठवड्यांचा असतो! शेपूट हलली की आपण गोळ्या बंद करतो. उरलेली पट्टी? डब्यात.

"माणसांच्या टेस्ट परवडत नाहीत, कुत्र्याच्या पुवाचं कल्चर कुठे करता?" असं एका नातलगांनी मला सुनावलं. दर पुळीला करा असं कोण म्हणतंय? पण दोनदा औषध देऊन गुण नाही, तर तिसरं औषध अंदाजाने देण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

शिवाय ही औषधं त्यांची वेगळी, आपली वेगळी नाहीत. अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, डॉक्सिसायक्लिन दोघांनाही चालतात. फ्लेमिंगसाहेबांनी १९४५ साली नोबेल भाषणात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून तो अपुरं पेनिसिलिन घेतो, त्याचे शहाणे झालेले जंतू बायकोला लागतात, आणि तिला औषध लागू न पडून ती दगावते. आपल्या घरात कुत्रं नातवंडांच्या पांघरुणात झोपतं. जंतू इकडून तिकडे जातात, तिकडून इकडेही येतात.

दोष डॉक्टरांचाही आहे, नाही कशाला म्हणू? पण "एक इंजेक्शन ठोकून टाका" म्हणून मागे लागणारे आपणच. हे जंतूंचंच दुखणं कशावरून, औषध किती दिवस द्यायचं, कातडी मुळात बिघडली कशाने, हे तीन प्रश्न पुढच्या खेपेला विचारून बघा. माझ्या डॉक्टरांना सुरुवातीला राग यायचा. आता मी दारात दिसले की तेच आधी उत्तरं द्यायला लागतात.