विश्लेषण : परफ्यूम ऋतूनुसार बदलायचा, पण ऋतू नेमका कुठला?

ऑक्टोबर उजाडला की मोबाइलवर एक ठरलेली यादी फिरू लागते. 'फॉलसाठी पुरुषांचे ५ बेस्ट परफ्यूम'. त्यात तंबाखू, दालचिनी, व्हॅनिला, अ‍ॅम्बर अशा उबदार गंधांच्या बाटल्या असतात. व्हिडीओतल्या तरुणाच्या अंगात लोकरी कोट असतो आणि मागे पिवळी पाने गळत असतात. हा व्हिडीओ पाहणारा मात्र ठाण्याच्या फलाटावर घामाघूम होऊन उभा असतो, कारण महाराष्ट्रात ऑक्टोबर हा पानगळीचा नव्हे, तर दुसऱ्या उन्हाळ्याचा महिना आहे. 'ऑक्टोबर हीट' हा शब्द आपल्याकडे उगाच रुळलेला नाही.

तरीही ही यादी पाहून खरेदी होते. नामांकित विदेशी ब्रँडची १०० मिलीची बाटली आज ८-१० हजारांच्या घरात किंवा त्याहूनही वर जाते. 'समर', 'विंटर', 'ऑफिस' आणि 'डेट नाइट' अशा चार बाटल्या घ्यायच्या, तर नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाचा महिन्याचा पगार त्यात संपतो. त्यामुळे ऋतूनुसार परफ्यूम निवडण्याच्या या नियमात तथ्य किती आणि दुकानदारी किती, हे तपासायला हवे.

नियमामागचे विज्ञान काय?

नियम निराधार नाही. परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली डझनावारी सुगंधी रसायने. त्यातले प्रत्येक रसायन वेगवेगळ्या वेगाने उडते. लिंबू-संत्र्याच्या सालीतले लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, तर व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन २८५ अंशांच्या आसपास. उकळबिंदू जितका कमी, तितके ते रसायन साध्या तापमानालाही लवकर हवेत जाते. म्हणून फवारल्याबरोबर येणारा लिंबूवर्गीय ताजेपणा अर्ध्या तासात विरतो आणि व्हॅनिला, कस्तुरीसारखे गंध, चंदन, अगरू संध्याकाळपर्यंत रेंगाळतात.

यात तापमानाची भूमिका मोठी आहे. अशा पदार्थांचा बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी चढले की तो दुपटीच्या आसपास जातो. पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटे १२ अंशांत आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंशांत एकाच बाटलीतला गंध एकसारखा वागणे शक्य नाही. उन्हाळ्यात हलके घटक पाहता पाहता उडून जातात आणि एरवी हळूहळू उलगडणारे जड, गोड घटक एकदम बाहेर पडतात. गोडसर परफ्यूम उन्हात डोके उठवतो तो यामुळे.

इथपर्यंत यादीवाले बरोबर आहेत. पण या हिशेबात एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. परफ्यूम हवेत लावला जात नाही, तो अंगावर लावला जातो. आणि कपड्याखालची त्वचा बारा महिने साधारण ३२ ते ३४ अंशांच्या आसपासच असते. म्हणजे छातीवर लावलेल्या परफ्यूमला बाहेर जानेवारी आहे की एप्रिल, हे आपल्याला वाटते तितके कळत नाही. खरा फरक पडतो तो शर्टवर फवारलेल्या, मनगटावर किंवा मानेवर लावलेल्या परफ्यूमला. शिवाय वारा, घाम आणि त्वचेचा कोरडेपणा यांचाही वाटा असतो. थंडीत कोरड्या त्वचेवर गंध टिकत नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर ८ हजारांची 'विंटर' बाटली हाच एक उपाय नाही. आंघोळीनंतर बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा थोडे खोबरेल लावून त्यावर जुनाच परफ्यूम मारला, तरी तो जास्त वेळ टिकतो.

पावसाळ्याचे काय?

युरोपीय यादीतली सर्वांत मोठी त्रुटी इथे आहे. त्या यादीत स्प्रिंग, समर, फॉल आणि विंटर आहेत. आपले चार महिने त्यात कुठेच नाहीत. जुलैत मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते, घाम वाळत नाही आणि दोरीवरचे कपडे तर त्याहून वाळत नाहीत. अर्धवट ओल्या कपड्यांना येणारा कुबट वास जिवाणूंमुळे येतो. त्यावर कितीही महागडा परफ्यूम फवारला तरी कुबटपणा जात नाही, फक्त दोन वासांचे एक विचित्र मिश्रण तयार होते. विरार लोकलच्या डब्यात ऑगस्टमध्ये उभे राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यामुळे पावसाळ्यातला सर्वांत उपयोगी सुगंध म्हणजे नीट वाळलेला शर्ट, असे म्हटले तर परफ्यूम कंपन्यांना आवडणार नाही. पण इस्त्री, पंख्याखाली रात्रभर टांगलेले कपडे, बॅगेतला जादा बनियन आणि साधे घामरोधक यांवर झालेला खर्च जून ते सप्टेंबर या काळात कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त वसूल होतो. घामरोधक आणि डिओडरंट यांत फरक आहे, हेही इथेच सांगायला हवे. घामरोधकातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घाम कमी करतात. डिओडरंट घाम थांबवत नाही, वास रोखतो किंवा झाकतो. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि बहुतेक जण डबा न वाचता उचलतात.

हा विचार काही नवा नाही. सुमारे सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात वर्षा ऋतूसाठी सुगंध वापरायला आणि धूप दिलेले कपडे घालायला सांगितले आहे. त्यात भर अंगावर काही ओतण्यावर नाही, कपडे धुरावण्यावर आहे. हेमंतात केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप, ग्रीष्मात चंदन. थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात शीतल हा नियम रील्सच्या किती तरी आधी इथे लिहिलेला होता. फरक इतकाच की तो सहा ऋतूंचा होता आणि त्यात पाऊस होता.

वाळा, मिट्टी आणि हिना

अत्तराच्या दुकानात आजही याच परंपरेचा हिशेब चालतो. मुंबईत मोहम्मद अली रोडवर मे महिन्यात गेले तर खस पुढे काढली जाते, पाऊस पडायला लागला की मिट्टी आणि थंडीत हिना, शमामा. खस म्हणजे आपला वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतात ती मुळांची जुडी किंवा विदर्भात कूलरच्या ताट्यांना लागतो तो वाळा. विदेशी परफ्यूमच्या खोक्यावर 'व्हेटिव्हर' असे भारदस्त नाव दिसते तेही हेच मूळ आहे आणि तो शब्द तमिळमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आहे. 'उन्हाळ्यासाठी व्हेटिव्हर घ्या' हा सल्ला इंग्रजीतून ऐकताना नवा वाटतो, पण आजीच्या माठाला तो ठाऊक होता.

मिट्टी अत्तराची गोष्ट तर विलक्षण आहे. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये पाण्यासह तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त जाते आणि तिथल्या चंदनतेलात तो गंध उतरतो. पहिल्या पावसाचा वास बाटलीत भरण्याची ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. १९६४ मध्ये इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिले, तेव्हा कन्नौजच्या या अत्तराचा उल्लेख त्यांनीही केला.

अत्तरात अल्कोहोल नसते. त्यामुळे ते भपकन उडत नाही, त्वचेलगत राहते आणि शेजारच्याच्या नाकात शिरत नाही. दाटीवाटीच्या डब्यात, वर्गात किंवा क्युबिकलमध्ये हा मोठा गुण आहे. मात्र डोळे झाकून घ्यावे असे तेही नाही. अस्सल चंदनतेल अतिशय महाग झाल्यापासून स्वस्त अत्तरांत दुसरीच तेले असतात. शंभर रुपयांच्या कुपीत खरे चंदन किंवा गुलाब असण्याची शक्यता नाही. गडद हिनाचा डाग पांढऱ्या कुर्त्यावर पडला तर तो निघता निघत नाही, हे लग्नसराईत अनेकांना उशिरा कळते.

जाता जाता, 'ऊद' या शब्दाचा घोळही लक्षात घेण्याजोगा आहे. मराठी घरात ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा राळेसारखा लोबान. परफ्यूमच्या बाटलीवरचा 'ऊद' म्हणजे अगरूचे लाकूड. ते आसाम आणि आग्नेय आशियातून येते. गंमत म्हणजे परफ्यूमवाले ज्याला 'अ‍ॅम्बर' म्हणतात त्या मिश्रणात व्हॅनिलाच्या जोडीला बऱ्याचदा आपला तो घरगुती ऊदच असतो.

मग आखाती देशांत अगरू कसा चालतो?

जड गंध थंडीतच लावावेत, हा नियम खरा असता तर दुबई किंवा मस्कतमध्ये अगरू कुणी लावलाच नसता. तिथे ४५ अंशांतही तो बारमाही चालतो. याचे एक कारण सवय आणि संस्कृती हे आहे. दुसरे कारण जास्त व्यावहारिक आहे. तिथला माणूस घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, म्हणजे बहुतांश वेळ एसीत असतो.

महाराष्ट्रातही आता एसी हा पाचवा ऋतू झाला आहे. हिंजवडी किंवा ऐरोलीत काम करणाऱ्याचा मे महिना २४ अंशांत जातो. त्याच मे महिन्यात डिलिव्हरी करणारा, बांधकामावरचा अभियंता किंवा रस्त्यावर बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस ४० अंशांत असतो. दोघांना 'समर परफ्यूम' म्हणून एकच बाटली सुचवणे निरर्थक आहे. कॅलेंडरपेक्षा दिवसातले आठ-दहा तास कुठे जातात, हा प्रश्न आधी विचारायला हवा. बंद एसी खोलीत हवा फिरून फिरून तीच येते. तिथे उग्र परफ्यूम सहकाऱ्यांना दिवसभर सोसावा लागतो. दमा किंवा मायग्रेन असलेल्यांसाठी तर हा आवडीनिवडीचा प्रश्नच राहत नाही, ट्रिगरचा होतो. आणि लावणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते, मग 'उडून गेला' असे वाटून पुन्हा फवारा मारला जातो. ऑफिसमध्ये एक-दोन फवारे पुरतात. रील्समधले आठ-दहा फवारे कॅमेऱ्यासाठी असतात.

खरेदी करताना

खोक्यावरच्या नावांवर फार विसंबू नये. साधारणतः कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य २ ते ५ टक्के, 'ओ द तोलेत'मध्ये ५ ते १५ टक्के आणि 'ओ द पार्फम'मध्ये १५ ते २० टक्के असते. पण हे आकडे प्रथेचे आहेत, कुणी कायद्याने बांधून दिलेले नाहीत. एका कंपनीचे तोलेत दुसरीच्या पार्फमपेक्षा जास्त टिकू शकते. आपल्या हवेत बहुतेकांचे काम एका हलक्या आणि एका थोड्या उबदार गंधावर भागते. दुसरा लग्नकार्याला, डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी आणि ज्याला हवा त्याला एसीत. ऋतू बदलला की बाटलीऐवजी प्रमाण आणि जागा बदलावी. उन्हाळ्यात एक फवारा कपड्याखाली, थंडीत एखादा जास्त आणि मफलरवर.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. बर्गमॉट या लिंबूवर्गीय तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो त्वचेवर असताना कडक ऊन लागले तर काळपट चट्टे पडू शकतात. नामांकित कंपन्या तो घटक काढून टाकलेले तेल वापरतात किंवा प्रमाण मर्यादित ठेवतात. सुट्या, बिननावाच्या तेलांबाबत ती खात्री नाही. दुचाकीवर दुपारी फिरणाऱ्यांनी मानेऐवजी शर्टच्या आत लावलेले बरे.

बाटली ठेवण्याची जागाही महत्त्वाची आहे. उष्णता आणि प्रकाशाने गंध बिघडतो. बाथरूमची फळी, खिडकी आणि गाडीचा डॅशबोर्ड या तीन सर्वांत सोयीच्या जागाच सर्वांत वाईट. कपाटातला अंधारा कप्पा बरा.

आणि निवड कशी करायची? मॉलच्या एसीत कागदाच्या पट्टीवर घेतलेला वास हा फक्त पहिल्या दहा मिनिटांचा असतो, तोही २४ अंशांतला. त्या वेळी विक्रेता 'ऑफर आजच संपतेय' म्हणत असतो. मनगटावर एक फवारा घ्यावा, पैसे न देता बाहेर पडावे, स्टेशनपर्यंत चालत जावे, गाडी पकडावी. घरी पोहोचेपर्यंत जे उरले असेल आणि ज्याचा त्रास शेजारी बसलेल्याला झाला नसेल, त्याची ५ किंवा १० मिलीची छोटी कुपी आधी घ्यावी. मोठ्या बाटलीचे पाहता येईल दिवाळीनंतर, खरी थंडी पडली तर.