आफ्रिकेस जाऊन काय शिकावयाचे?

गेल्या ज्येष्ठात औसा तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या चिरंजिवांस घेऊन आमच्या नांदेडच्या घरी आले. चिरंजीव आमचे विद्यार्थी, एम्. ए. उत्तीर्ण, वृत्तीने अबोल, आणि लहानपणापासून हलगीच्या नादी लागलेले. घाना देशातील लेगॉन येथील विद्यापीठात जाऊन तेथील ढोलवादन, त्वी भाषा आणि आकान लोकांचे आचारविचार यांचा अभ्यास करावा असे त्याने ठरविले होते, व त्यासाठी त्यास आमचे शिफारसपत्र हवे होते. वडिलांचा हेतू निराळा होता. “सर, तुम्हीच ह्याला चार शब्द समजावून सांगा. लोक विचारतेत, पोरगं कुठं चाललंय? आफ्रिकेला, ढोल शिकायला, असं कसं सांगावं?”

बैठकीत आमचे दोन-तीन सुशिक्षित स्नेही होते. ते पोटभर हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. आणि पुढील मजकूर त्या हसण्याबद्दल स्वतःवर राग येऊनच लिहीत आहोत.

हे हसू कशाचे? परदेशगमनाचे म्हणावे, तर ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलखात मुलास वैद्यक शिकण्यासाठी रशियात किंवा फिलिपाइन्समध्ये पाठविणाऱ्या बापास कोणी हसत नाही. खर्चाचे म्हणावे, तर त्यासाठी जमीन विकली तरी तिचे कौतुकच होते. परक्या भाषेचे म्हणावे, तर 2022 साली युद्ध पेटल्यावर युक्रेनमधून जी मुले जीव मुठीत धरून परतली, त्यांतील कितीजणांच्या आईबापांनी तेथील भाषेची आधी चौकशी केली होती? घानाची राजभाषा तर इंग्रजीच आहे. तेव्हा आक्षेप परदेशास नव्हे, खर्चास नव्हे, भाषेसही नव्हे. तो आफ्रिकेस आहे आणि ढोलास आहे.

पहिला तिरस्कार आम्ही इंग्रजी ग्रंथांतून शिकलो. आफ्रिकेस इतिहास नाही असे हेगेल आपल्या व्याख्यानांतून सांगून गेला, आणि ऑक्सफर्डचे ट्रेव्हर-रोपर 1963 सालीही त्याच अर्थाचे बोलत होते. याच जातीच्या पंडितांनी आमच्याविषयी जे लिहिले ते खोडून काढण्यात आमच्या दोन पिढ्यांनी लेखण्या झिजविल्या. आपल्यापुरते ते खोटे ठरविले, आणि आफ्रिकेपुरते मात्र खरे मानून जपून ठेवले! ज्या नांदेडात आम्ही बसून हसलो, त्याच नांदेडाजवळ 1602 च्या सुमारास खानखानानाचा मुलगा इरज याच्याशी लढताना मलिक अंबर जखमी होऊन पडला व त्याच्या माणसांनी त्यास उचलून नेले. पुढे त्याने मराठवाड्याच्या महसुलाची घडी बसविली आणि खडकी शहर वसविले. तो हबसाणातला, म्हणजे त्या खंडाच्या पूर्व टोकाचा. घाना पश्चिम किनाऱ्यावर. दोन्ही ‘आफ्रिकाच की’ म्हणून एका दावणीस बांधणे हीदेखील आमच्या अज्ञानाचीच एक तऱ्हा.

आता ढोल. आकान लोकांत अतुम्पान नावाची ढोलांची जोडी असते, एक उंच स्वराचा, एक खर्जाचा, आणि ती काठ्यांनी वाजवितात. माहूरच्या रेणुकेपुढे गोंधळ्याचा संबळ ज्याने पाहिला आहे त्यास हे चित्र परके वाटणार नाही. परंतु साम्य येथेच संपते. त्वी भाषेत स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणून वाक्यातील चढउतार त्या दोन ढोलांवर जसेच्या तसे काढले की ऐकणारास वाक्यच कळते. एकाच चढउताराचे अनेक शब्द असल्याने घोटाळा होऊ नये यासाठी वादक एकेरी शब्दाऐवजी ठरलेली लांब वाक्ये व बिरुदावल्या वाजवितो. ज्यास भाषा येत नाही त्यास हा केवळ गलबला. ज्यास येते त्यास ते राजाच्या पूर्वजांचे आवाहन. येथे संगीत, भाषा व संस्कृती ही तीन खाती निरनिराळी करताच येत नाहीत, आणि म्हणून नांदेडास बसून, पुस्तक वाचून किंवा ध्वनिमुद्रिका ऐकून हा अभ्यास होत नाही. त्या गावात राहावे लागते, बाजारात घासाघीस करावी लागते, चुका करून हसू करून घ्यावे लागते. क्वाबेना न्केतिया यांनी 1963 साली आकान समाजातील ढोलवादनावर जो ग्रंथ लिहिला, तो स्वतः आकान असूनही वादकांच्या पायाशी बसून लिहिला. माली देशाकडील जेली घराण्यांनी सुंजाता राजाची तेराव्या शतकातील कथा तोंडातोंडी चालविली. मामादू कुयाते नावाच्या जेलीकडून ऐकून नियान यांनी ती 1960 साली फ्रेंच भाषेत छापली, तेव्हा कोठे जगाच्या ध्यानात आले की कागदावाचूनही इतिहास टिकतो. आमच्याकडे वंशावळ मुखोद्गत सांगणारा हेळवी दारी आला की आम्ही त्यास पसाभर धान्य देतो, आणि इतिहास मात्र दफ्तरात शोधतो.

बैठकीतील एक स्नेही म्हणाले, “आधी आपली हलगी शिकावी, मग परक्यांची.” युक्ती ऐकावयास गोड आहे. पण हलगी शिकण्यास आजवर त्यांना कोणी अडविले होते? ज्या मांग वादकाच्या हलगीवाचून गावची मिरवणूक हलत नाही, त्यास आपल्या ओसरीवर बसवून एक बोल तरी विचारला होता काय? घरची हलगी त्यांना आठवली ती आफ्रिकेचा ढोल अडविण्यापुरती. आणि हा मुलगा तर हलगी शिकूनच निघाला आहे!

गुंथर सोन्थायमर हा जर्मन गृहस्थ महाराष्ट्रात आला, मराठी शिकला, धनगरांबरोबर हिंडला, आणि खंडोबा-बिरोबांवर त्याने 1976 साली जर्मन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. माळेगावच्या यात्रेस वर्षानुवर्षे जाणाऱ्या आम्हां विद्वानांस त्याच्याकडून खंडोबा नव्याने समजून घ्यावा लागला. ‘यात पोटापाण्याचे काय?’ असे त्यास आम्ही विचारले नाही. उलट हार घातले. जर्मनाने आमच्याकडे यावे हे विद्याप्रेम, आणि आमच्या पोराने घानास जावे हा वेडेपणा, हा न्याय कोणत्या शास्त्रात आहे?

पोटापाण्याचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. या विद्येस आमच्या भागात आज नोकरी नाही, आणि परत आल्यावर या मुलास शिकवणी वर्गात इंग्रजी व्याकरण सांगत बसावे लागेल, हे भय त्याच्या वडिलांइतकेच आम्हांसही आहे. मुंबईच्या विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र 1971 साली निघाले, दिल्लीस त्याही आधी, 1955 साली. मराठवाड्यात आज या विषयाचा एखादा अध्यापक नेमा म्हटले तर जे हसतील, तेच उद्या “नोकरी कोठे आहे?” असे विचारतील. जागा निर्माण करण्याचा अधिकार ज्या मंडळांच्या हाती आहे त्यांत आमच्यासारखेच पन्नाशी उलटलेले पदवीधर बसलेले असतात, आणि आम्हीही त्यांपैकी एकावर काही वर्षे होतो. तेथे आम्ही हा विषय एकदाही काढला नाही.

शिफारसपत्र आम्ही लिहून दिले आहे. वडिलांनी ते दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले, आणि “बघू, सर,” एवढेच म्हणाले.