दूरचा पल्ला आणि मध्यम मार्ग

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या अलीकडच्या पिढ्यांमध्ये मोटारसायकलवरून दूरवर भटकण्याची आवड वाढली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तरुणाने घराबाहेर पडावे, मुलूख पाहावा, माणसे ओळखावीत, यात गैर काही नाही. तथापि या आवडीला गेल्या काही वर्षांत एक निराळे वळण लागले आहे. किती पाहिले, यापेक्षा एका दिवसात किती अंतर कापले, याला महत्त्व येऊ लागले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातही गप्पांचा ओघ हल्ली याच आकड्यांकडे वळतो. म्हणून एक साधा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने विचारावासा वाटतो : एका दिवसात असे प्रचंड अंतर कापण्यात खरोखर आनंद असतो काय?

या प्रकाराचे माहेर अमेरिका होय. तेथील ‘आयर्न बट असोसिएशन’ ही संस्था 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे सुमारे 1,610 किलोमीटर अंतर मोटारसायकलवरून पार करणाऱ्यास ‘सॅडलसोअर’ या नावाचे प्रमाणपत्र देते. इंधन भरल्याच्या पावत्या, मीटरवरील नोंदी आणि साक्षीदार यांच्या आधारे प्रवासाची पडताळणी होते. भारतातही अनेक तरुणांनी हे प्रमाणपत्र मिळवले आहे. योगायोग असा, की मुंबईहून जुन्या महामार्गाने नागपूरला जाऊन परत यायचे म्हटले, तर अंतर जवळजवळ तितकेच भरते. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन एका दमात परतण्याचा बेत आपल्या मुलांच्या मनात येतो, तेव्हा त्यात श्रद्धा आणि विक्रमाची हौस या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम आनंदाची बाजू प्रामाणिकपणे मांडू. पहाटे कसाऱ्याचा घाट चढताना अंगावर येणारा गारवा, नाशिकच्या आसपासचे द्राक्षमळे, खानदेशातील केळीच्या बागा, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत उमलू लागलेला कापूस आणि अमरावतीपुढची संत्र्याची झाडे हे सारे मोटारगाडीच्या काचेआडून दिसते त्याहून फार वेगळे मोटारसायकलवरून अनुभवास येते. चहाच्या टपरीगणिक बोली बदलत जाते. रस्ता मोकळा असला, की मन इतर विचार सोडून केवळ समोरच्या पट्ट्यावर स्थिर होते. अनेक जण या अवस्थेची तुलना ध्यानाशी करतात, आणि पहिल्या काही तासांपुरती ती अगदीच चुकीची नाही.

आपल्या समाजाच्या बाबतीत या आनंदाला आणखी एक पदर आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात 1901 सालच्या आपल्या बालपणीच्या प्रवासाची हकीकत सांगितली आहे. वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून गोरेगावकडे निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. त्यांची जात कळताच बैलगाडीवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली, आणि वाटेत पिण्यास पाणीही मिळाले नाही. ज्या समाजाच्या लेकरांना भाडे देऊनही वाहन मिळत नव्हते, त्याच समाजाचा तरुण आज स्वतःच्या कमाईच्या मोटारसायकलवर बसून कोणाच्याही परवानगीवाचून राज्य ओलांडतो. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या देशाच्या काही भागांतून अजूनही येतात. अशा काळात वाहन ही केवळ सोय राहत नाही. ती सन्मानाची खूण असते. या भावनेला हौस म्हणून हिणवणे योग्य नव्हे.

असे असूनही माझे मत असे आहे, की चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर धावण्यात आनंद फार थोडा असतो, आणि जो असतो तो प्रवासाचा नसतो.

आचार्य बुद्धघोषांनी ‘विशुद्धिमार्गा’त प्रीती आणि सुख यांतील भेद एका दृष्टान्ताने समजावला आहे. वाळवंटात थकलेल्या वाटसरूला दूरवर पाणी दिसते किंवा त्याची वार्ता कळते, तेव्हा त्याला जो उल्हास होतो ती प्रीती. आणि सावलीत बसून ते पाणी प्याल्यावर जे लाभते ते सुख. एका दिवसाच्या विक्रमी प्रवासाला ही कसोटी लावून पाहावी. निघण्यापूर्वीची उत्सुकता आहे, पोहोचल्यानंतरचे समाधान आहे, मित्रांची शाबासकी आहे. मधले पंधरा-सोळा तास मात्र बहुतांशी सहन करण्याचे असतात. मनगटे बधिर होतात, कंबर ताठते, मान आखडते, वाऱ्याच्या आवाजाने कान भणभणतात. दृष्टी रस्त्यावर असते. पण ती काही पाहत नसते. ज्या केळीच्या बागा सकाळी सुंदर वाटल्या, त्या परतीच्या वाटेवर अंधारात आल्या काय आणि गेल्या काय! अंतर संपण्याची वाट पाहणे हाच त्या तासांचा एकमेव व्यवसाय असतो. जी गोष्ट लवकर संपावी असे ती करतानाच वाटते, तिला आनंद म्हणताना थोडे थांबावे.

आता आकड्यांचा विचार करू. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांवर अनेक ठिकाणी ताशी 110 किलोमीटरांहून अधिक वेग कायदेशीर आहे. त्या वेगाने 1,610 किलोमीटर 15 तासांच्या आत संपतात आणि विश्रांतीला 9 तास उरतात. आपल्याकडे 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. कोठेही न थांबता सतत त्याच वेगाने गेले, तरी 20 तासांहून अधिक वेळ लागतो. इंधन, जेवण आणि अन्य विधींसाठी केवळ 3 तास धरले, तर उरलेल्या 21 तासांत सरासरी ताशी सुमारे 77 किलोमीटर वेग राखावा लागतो. गावे, गतिरोधक, उलट दिशेने येणारे ट्रॅक्टर, रस्त्यावर बसलेली जनावरे आणि घाट यांतून जाताना हे शक्य नाही. म्हणजे मधल्या मोकळ्या पट्ट्यात मर्यादा ओलांडल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. शिवाय समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, हेही लक्षात ठेवावे. परदेशातील आकडा जसाच्या तसा उचलताना तेथील रस्ता आपण उचलून आणलेला नसतो.

याहून गंभीर प्रश्न झोपेचा आहे. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे निद्राविषयक संशोधनात आढळले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. पहाटे तीनला उठून चारला निघालेला तरुण रात्री आठ वाजता या अवस्थेला पोहोचतो, आणि त्याच्या चोवीस तासांतले आठ तास अद्याप बाकी असतात. त्या आठ तासांत रात्र असते, समोरून येणारे प्रखर दिवे असतात आणि शरीराला झोपेची सर्वांत तीव्र ओढ लागण्याची मध्यरात्रीनंतरची वेळही असते. ताशी 80 च्या वेगाने वाहन सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 66 मीटर चालकाविना धावलेले वाहन. चहा, कॉफी किंवा उत्तेजक पेये झोप पुढे ढकलतात. तिचे देणे फेडत नाहीत.

पंचशीलातील पाचवे शील आपण दररोज सकाळी प्रार्थनेत म्हणत आलो. प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचा तो संकल्प आहे. मद्याचा दोष प्रमादात आहे, हे त्या शीलाच्या शब्दांतूनच स्पष्ट होते. मग थेंबभरही मद्य न घेता केवळ जागरणाने तीच बेसावध अवस्था ओढवून घेऊन वाहन चालवणे, हे त्या शीलाच्या आशयाशी कसे जुळणार? माझ्या मते जुळत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की सरावलेले लोक हे सुरक्षितपणे करतात. ते खरे आहे. परंतु असे अनुभवी चालक काय सांगतात तेही ऐकावे. वेगाने अंतर कापले जात नाही, नियोजनाने कापले जाते. आपली मर्यादा ओळखा. झोप येताच थांबा. प्रमाणपत्र गेले तरी चालेल, असाच त्यांचा उपदेश असतो. आपल्याकडील हौशी मुले आकडा घेतात आणि उपदेश सोडून देतात. दुसरा आक्षेप असा, की स्वतःच्या जिवाचा धोका पत्करण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. डोंगर चढणाऱ्याच्या बाबतीत हे एक वेळ मान्य करता येईल. रस्ता मात्र सर्वांचा आहे. त्यावर शाळेतून सायकलने परतणारी मुलगी आहे, पहाटे भाजीची गाडी घेऊन निघालेला शेतकरी आहे. व्यावसायिक चालकाने दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काम करू नये आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घ्यावी, असे 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घालून दिले होते. पोटासाठी वाहन चालवणाऱ्याला जे संरक्षण कामगार चळवळीने आणि कायद्याने मिळवून दिले, ते हौसेसाठी चालवणाऱ्याने स्वतःहून फेकून द्यावे, हे विपरीत आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सुमारे 44 टक्के होता. यांतील अनेक जण घरातले पहिले पदवीधर किंवा पहिले नोकरदार असणार. अशा घरात एक मुलगा गेला, की एका पिढीची उभारी जाते.

सन्मान आणि सुरक्षितता यांचा हा संघर्ष बाबासाहेबांनी स्वतः अनुभवला होता. 1929 साली धुळ्याहून मुंबईकडे परतताना ते चाळीसगावला उतरले. त्यांना वस्तीपर्यंत नेण्यास टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याने पायी यावे हे तेथील आपल्या बांधवांना कमीपणाचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसला, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. टांगा घोड्यासह नदीत कोसळला. या प्रसंगाचा विचार करताना त्यांनी त्या बांधवांच्या प्रेमाला दोष दिला नाही. परंतु सन्मान राखण्याच्या भरात प्रवाशाच्या जिवाचा विचार मागे पडला, हे मात्र स्पष्टपणे नोंदवले. मोटारसायकलच्या हँडलवर निळा ध्वज बांधून रात्रभर धावणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही हकीकत वाचावी.

मग दूरचा प्रवास करूच नये काय? अवश्य करावा. भगवान बुद्धांनी शीतवनात चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या सोण स्थविराला वीणेची आठवण करून दिली होती. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. येथे ‘प्रयत्न सोड’ असा उपदेश नाही. प्रयत्नाला योग्य मेळ साधण्याचा उपदेश आहे. प्रवासालाही तोच नियम लागू होतो.

आपल्या परंपरेत प्रवासाइतकाच मुक्कामाला मान आहे. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात वाटेवर वड लावल्याचा, विहिरी खोदल्याचा आणि विश्रांतिस्थाने उभारल्याचा उल्लेख अभिमानाने केला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्यातही प्रवाशांसाठी बांधलेल्या निवाऱ्यांची आणि नद्यांवर ठेवलेल्या विनामूल्य नावांची नोंद आहे. ही लेणी मुंबई-नाशिक महामार्गालगतच आहेत. विक्रमासाठी धावणारा त्यांच्या पायथ्यावरून ताशी ऐंशीने निघून जातो. नागपूरचा प्रवास जाताना दोन आणि येताना दोन दिवसांचा केला, तर त्रिरश्मी पाहून होते, जळगावकडून थोडी वाट वाकडी केली तर अजिंठाही पाहून होतो, आणि दीक्षाभूमीवर झोपाळलेल्या डोळ्यांनी नव्हे, तर टवटवीत मनाने वंदन करता येते.

शाळेच्या मेळाव्यासाठी मोटारसायकलवरून येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एकच विनंती आहे. आदल्या दिवशी या. वसतिगृहात तुमच्यासाठी जागा आहे. अंधार पडण्यापूर्वी पोहोचा, वाटेत दर दोन तासांनी उतरा, हेल्मेटची पट्टी बांधा, आणि पोहोचल्याचा निरोप आईला कळवा. मुलांना तुमच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकायच्या आहेत. त्या गोष्टींत किलोमीटर कमी आणि गावे, माणसे, लेणी अधिक असावीत.

जयभीम! नमो बुद्धाय!