रॅक बदलण्याआधी कोड वाचा

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम जड झालं. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. दहा मिनिटांत उत्तर मिळालं, "सर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, रिपेअर होत नाही. रॅकसकट सगळं बदलावं लागेल." खर्च 38 हजार.

मी गाडी तशीच मोहल्ल्यातल्या गॅरेजवर आणली. तिथला मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. दहावीनंतर शाळा सुटली आणि उस्तादाच्या हाताखाली तयार झाला. त्यानं स्कॅनर लावला, कोड आला आणि तो थबकला. स्क्रीन माझ्यापुढे धरून म्हणाला, "सर, ज़रा पढ़ के बताओ, क्या लिखा है." इंग्रजीत लिहिलं होतं की स्टिअरिंगच्या मोटरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. मी एवढं सांगितलं आणि पुढचं त्याला शिकवावं लागलं नाही. बॅटरी तपासली, अल्टरनेटर तपासला, मग अर्थिंगची वायर खोलली. तिचं टोक हिरवं पडलं होतं. घासून घट्ट बसवलं, कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही.

तेव्हापासून हा प्रसंग डोक्यातून जात नाही. हुनर त्याच्या हातात होतं, फक्त एक ओळ वाचता येत नव्हती.

इलेक्ट्रिक स्टिअरिंग नवीन नाही. जपानमध्ये सुझुकीनं 1988 मध्ये सर्वो या छोट्या गाडीत ते दिलं. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगला पंप, पट्टा आणि तेल लागायचं. तेल गळलं की जमिनीवर डाग दिसायचा, पंप गेला की आवाज यायचा. इलेक्ट्रिकमध्ये सेन्सर आपल्या हाताचा जोर मोजतो, कंट्रोल युनिट हिशेब करतं आणि मोटर मदत करते. इथे बिघाड बऱ्याचदा डोळ्यांना दिसत नाही, कोडमधून वाचावा लागतो.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला कुणी सांगत नाही. अनेक छोट्या गाड्यांत ही मोटर डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावर असते. खालचा रॅक निव्वळ यांत्रिक असतो. अशा गाडीत मोटरचा किंवा करंटचा दोष असेल तर रॅक बदलून काय मिळणार? म्हणून पहिला प्रश्न विचारा, "मोटर कुठे आहे आणि कोड काय आला?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

रॅक कधीच बदलू नये, असं मी म्हणत नाही. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. बूट फाटला की पाणी आणि माती आत शिरते, ग्रीस धुऊन जातं, दांड्याला गंज चढतो. वेळीच बूट बदलला तर काम थोडक्यात भागतं. खड्ड्यात खटखट आवाज येत असेल तर आधी टाय रॉड एंड आणि रॅक एंड तपासावेत, कारण ते वेगळे बदलता येतात. पण दात झिजले असतील, दांडा गंजला किंवा वाकला असेल, तर रॅक बदलावाच. तिथे वेल्डिंगचा जुगाड म्हणजे जिवाशी खेळ.

बदलतानाही घाई नको. आधी बॅटरीची वायर काढावी. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून ठेवावं. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची गुंडाळलेली केबल तुटते. रॅक बसल्यावर व्हील अलाइनमेंट हवंच, आणि गाडीप्रमाणे स्टिअरिंगच्या सेन्सरचं कॅलिब्रेशनही स्कॅनरवर करावं लागतं.

ही सगळी माहिती कंपन्यांकडे आहे, मोहल्ल्यातल्या गॅरेजपर्यंत ती क्वचितच पोचते. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटींचा दंड सुनावला, तो याच कारणासाठी. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती मिळत नव्हती. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीच्या हक्का'चा विषय हाती घेतला, त्यातही मोटारींचं क्षेत्र आहे. पण माहिती उद्या खुली झाली तरी ती इंग्रजीतच असेल. मग हा हक्क माझ्या त्या विद्यार्थ्याच्या किती उपयोगाचा?

इथे दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. आमच्या उर्दू शाळांतली कितीतरी मुलं गॅरेजची वाट धरतात, हे आम्हाला ठाऊक असतं. तरी आम्ही त्यांच्याकडून अर्ज आणि निबंध घोटून घेतो, त्यांच्या कामाचे शब्द शिकवत नाही. कोडचं पहिलं अक्षर 'पी' असेल तर इंजिन-गिअर, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे स्टिअरिंग-ब्रेकचा भाग, 'यू' म्हणजे युनिटांचा आपसातला संपर्क. ही चार अक्षरं शिकवायला एक तास पुरतो. व्होल्टेज कमी, सर्किट तुटलेलं, सिग्नल नाही, असे नेहमीचे चाळीस-पन्नास शब्द इंग्रजीत ओळखता आले आणि उर्दू-मराठीत समजले, तर हा मुलगा कुणापुढे अडणार नाही.

मी सुरुवात केली आहे. रविवारी दुपारी गॅरेजच्या शटरवर खडूनं पाच शब्द लिहितो. मुलं ते वाचतात आणि बदल्यात मला गाडी शिकवतात. तुमच्याही मोहल्ल्यात गॅरेज असेलच. जाऊन एकदा विचारा, स्कॅनरवरची ओळ कोण वाचतं?