नजर नव्हे, नाडी बघा

गेल्या रमजानमध्ये माझी तेरा वर्षांची भाची तीन दिवस उलट्या करत होती. पोट दुखत होतं, जिना चढताना धाप लागत होती. घरात निदान तयारच होतं. खाला म्हणाली, नजर लागली. शेजारीण म्हणाली, रोजे झेपले नाहीत. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी अॅसिडिटी सांगून सलाईन लावलं. चौथ्या दिवशी पोर वजू करताना कोसळली. मोठ्या रुग्णालयात नाडी मोजली तर मिनिटाला १४८, आणि अंगात ताप नाही. ईसीजी, ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि इको झाल्यावर नाव कळलं: मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज.

अल्लाहच्या मेहरबानीने ती वाचली. पण तीन दिवसांत एकानेही तिच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ पाहिलं नाही, हा राग माझ्या मनातून जात नाही.

हा आजार बहुधा साध्या विषाणूच्या मागोमाग येतो. मोठी मुलं छातीत दुखतं म्हणून सांगतात. लहानांमध्ये उलटी, पोटदुखी, धाप, मलूलपणा एवढंच दिसतं. म्हणून तो पोटाचा किंवा दम्याचा आजार वाटतो. खूण मात्र असते: तापाच्या मानाने फार जोरात पळणारी नाडी, वाढलेलं यकृत, थंड पडलेले हातपाय. अशा हृदयावर भराभर सलाईन सोडणं म्हणजे थकलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोतं चढवणं.

डॉक्टर म्हणतील, तापाच्या प्रत्येक पोराचा इको काढायचा का? नाही. बहुतेक मुलं तीन-चार दिवसांत बरीच होतात. पण नाडी मोजायला पैसे लागत नाहीत. ती बिघडलेली दिसली तर ईसीजी काढा, आणि एकच तपासणी ठीक आली म्हणून निर्धास्त होऊ नका. शंका उरली तर एमआरआय आहे. क्वचित बायोप्सीही करावी लागते.

आता आपल्याबद्दल. मुलगी बेशुद्ध पडली की आपल्याला आधी जीन आठवतो, मुलगा थकला की कामचुकारपणा. काहींना फक्त कोरोनाची लस आठवते. एमआरएनए लशींनंतर, मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये, ही सूज क्वचित आढळली, हे खरं आहे. पण ३ जानेवारी २०२२ पासून आपल्या किशोरवयीन मुलांना दिलेली कोव्हॅक्सिन त्या प्रकारची नव्हतीच. उलट घटसर्पाचं विष थेट हृदयाच्या स्नायूवर घाला घालतं, आणि त्याची लस चुकवणारी घरं आपल्यात आहेत.

दुआ करा, मीही केली. पण उंट आधी बांधा, मग अल्लाहवर सोडा, हे आपल्याला रसूलल्लाहांनीच शिकवलं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुराणानेच दिली आहे. मग पोर आजारी आहे की नाही, हे पाहायला आपण उशीर का करतो?

पुढच्या वेळी दवाखान्यात तीन प्रश्न विचारा. नाडी किती आहे? यकृत वाढलंय का? ईसीजी काढायला हवा का? डॉक्टर चिडले तर चिडू द्या. आणि हा आजार झालेलं पोर हसायला लागलं म्हणून लगेच क्रिकेटच्या मैदानावर सोडू नका. हृदयरोगतज्ज्ञ सांगतील तितके महिने थांबा. भाचीची बॅट अजून कपाटावर आहे. ती रोज तिच्याकडे बघते, आम्ही रोज तिची नाडी मोजतो.